घोगऱ्या आवाजाची रेवा

रेवा गेल्याचं वृंदानं मला पुण्याहून फोन करून कळवलं, तेव्हा मी जमियात, म्हणजे आमच्या भागातल्या सहकारी दुकानात, कांदे निवडत उभी होते. वृंदा म्हणजे रेवाची आई. इथे कुवेतमध्ये, सालमियाच्या इमारतीत, कितीतरी वर्षं आमच्या समोरच्या दारात राहिलेली. "मंजू, रेवा गेली गं," ती म्हणाली, आणि मी विचारलं, "कुठे?" खरंच असं विचारलं. चोविशीतली मुलगी गेली म्हटल्यावर मनात प्रवासच येतो... तालमीत गाता गाता डोकं धरून खाली बसली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. मी इथल्या इस्पितळाच्या लॅबमध्ये आयुष्य काढलंय. अशा मरणात कुणाचाच दोष नसतो, हे मला समजतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांना नावं ठेवणार आहे. त्यांच्यापैकी कुणी तिला मारलं नाही. जिवंत होती तोवर ऐकलं मात्र नाही.

पुढच्याच शुक्रवारी इथल्या मराठी मंडळानं शोकसभा ठेवली. टेबलावर तिचा फोटो, फोटोला हार, पुढे उदबत्ती. फोटो कुठला? सहा वर्षांची रेवा, हातात दुधाचा पेला आणि वरच्या ओठावर दुधाची मिशी! चोविशीतल्या गायिकेच्या शोकसभेत यांनी जाहिरातीतल्या पोरीला हार घातला होता. अध्यक्ष म्हणाले, "कुवेतनं एक गोड चेहरा गमावला." मग ज्याला त्याला बोलायचं होतं. कुणी तिला कडेवर घेतलं होतं, कुणी चॉकलेट दिलं होतं, कुणाच्या मुलाच्या मुंजीत ती आली होती. ती गायची कशी, यावर एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. शेवटी एका मुलीनं साखरेच्या पाकासारख्या बारीक आवाजात भजन म्हटलं आणि मंडळी समोशांकडे वळली. मी चहा न घेता निघाले. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी मला लिहायला सांगितलं, तेव्हा रेवाच्या गोड आठवणी मागितल्या होत्या. गोड पुष्कळ झालंय. माझ्याकडे आहे ते लिहिते.

इराकी फौजा गेल्या आणि आम्ही कुवेतला परत आलो, तेव्हा पेटलेल्या तेलविहिरींच्या धुरानं भरदुपारी दिवे लावावे लागत होते. तो धूर निवळला, दुकानं भरली, आणि माल खपवायला जाहिराती आल्या. जमियात एका लेबनानी फोटोग्राफरनं रेवाला पाहिलं. चित्पावनी गोरेपण, घारे डोळे, भुरे केस. "अरब वाटते," तो वृंदाला म्हणाला. वृंदाला हे इतकं भावलं की तिनं ते इमारतभर सांगितलं. आपली मुलगी आपली वाटत नाही, याचा एवढा आनंद झालेली आई मी तोवर पाहिली नव्हती. जाहिरातवाल्यांनी मुलीचं नावही बदलून 'रीम' केलं, आणि वृंदा चारचौघांत तिला रीम म्हणून हाक मारू लागली. तिचे वडील श्रीकांतभावोजी कुवेत सिटीतल्या एका कंपनीत अकाउंटंट होते. त्यांना काही विचारलं की म्हणायचे, "वृंदाला कळतं त्यातलं." बावीस वर्षांच्या ओळखीत या माणसाचं याहून वेगळं मत मी ऐकलेलं नाही.

शूटिंग अर्दियातल्या गोदामांमध्ये चालायचं. एकदा वृंदाला ताप होता म्हणून मी रेवाला घेऊन गेले. आत दिव्यांची भट्टी. पोरीला पेला तोंडाला लावून एक अरबी वाक्य म्हणायचं होतं. तिनं म्हटलं, आणि सगळे हसले. तिचा आवाज जन्मापासून घोगरा. सर्दी झालेल्या बाप्यासारखा. दिग्दर्शक मला इंग्रजीत म्हणाला, तिला सांगा, नुसते ओठ हलव, आवाज दुसरीचा घेऊ. जाहिरात टीव्हीवर आली तेव्हा दोन्ही घरं आमच्या बैठकीत जमली होती. रेवा पडद्याजवळ जाऊन बघत राहिली. "मावशी, हे कोण बोलतंय?" तिनं मला विचारलं. "मी नाही बोलत हे."

"गप्प बस," वृंदा म्हणाली. "किती छान दिसतेयस बघ."

मग चार वर्षं बिस्किटं, शॅम्पू, शाळेची दप्तरं. इमारतीतली मुलं संध्याकाळी खाली खेळायची आणि रेवा काचेमागून बघायची, कारण ऊन उतरलं तरी वृंदाला उजेडाची भीती. चेहऱ्यावर बेसन आणि साय, हाताला लिंबू. "काळी झालीस तर कोण घेईल?" असं ती आठ वर्षांच्या मुलीला विचारायची. आमच्या कोकणात बैलसुद्धा बाजारातून आणल्यावर कुणी रोज रोज विकायला काढत नाही.

दहाव्या वर्षी पुढचे दात मोठे आले, नाक लांबलं. त्या लेबनान्यानं हनुवटी धरून तिचा चेहरा इकडे वळवला, तिकडे वळवला आणि मदतनिसाला म्हणाला, "खलास." गाडीत वृंदा घरी पोचेपर्यंत रडत होती. रेवा मागे बसून चिप्स खात होती. आल्या आल्या ती खाली गेली आणि चांगला अंधार पडेपर्यंत खेळली.

एवढ्यावर हे थांबायला हवं होतं. पण जाहिरात नाही तर अभिनय, असं वृंदानं ठरवलं, आणि आमचं मंडळ तयारच होतं. मंडळात बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले एक गृहस्थ होते. ते दरवर्षी स्वतः नाटक लिहीत, स्वतः बसवत, स्वतः राजा होत आणि स्वतःच शेवटी सत्कार स्वीकारत. राजकन्येसाठी त्यांना रेवाच हवी होती, कारण जाहिरातीतली मुलगी म्हणून तिकिटं खपत. पण तिनं तोंड उघडलं की त्यांच्या लेखणीचा अपमान होई. मग त्यांनी तोडगा काढला. चेहरा रेवाचा आणि आवाज प्राचीचा. प्राची म्हणजे एका डॉक्टरांची मुलगी, आवाज अगदी मंजुळ. ती विंगेत माइक घेऊन बोलायची आणि रेवा रंगमंचावर ओठ हलवायची. सुशिक्षित, इंजिनियर, डॉक्टर मंडळी हे बघून टाळ्या वाजवायची. एकाला, एकालाही, याची लाज वाटली नाही.

रेवा चौदाची असताना त्या गृहस्थांनी राजकन्येला लांबलचक स्वगत दिलं. मी केशभूषेला होते, म्हणून विंगेतच उभी होते. राजकन्या पुढे आली, आणि प्राचीनं पहिलं वाक्य सुरू केलं तेव्हाच रेवानंही मोठ्यानं ते वाक्य सुरू केलं. क्षणभर दोन आवाज एकदम... प्राची गोंधळून थांबली. रेवा थांबली नाही. सभागृहात खसखस पिकली, मग उघड हसू फुटलं. मागून कुणीतरी ओरडलं, "राजकन्येचा भाऊ आला रे!" राजा झालेले गृहस्थ सिंहासनावरून प्राचीला हातवारे करत होते. रेवानं ते सगळं हसू अंगावर घेत स्वगत शेवटपर्यंत म्हटलं. एक शब्द गाळला नाही. आणि मला ऐकू आलं ते हे, की त्या गृहस्थांचं फुसकं लिखाण तिच्या आवाजात पहिल्यांदा कुणाच्या तरी काळजातून आल्यासारखं वाटत होतं.

नंतर तिला मीच घरी नेलं. वृंदा तिच्याशी बोलायला तयार नव्हती, आणि श्रीकांतभावोजी वृंदाच्या बाजूला उभे राहून गाडीच्या किल्ल्या बघत होते. रेवाच्या गालांवर रंगाचे ओघळ. "आय फिनिश्ड इट, ना?" ती म्हणाली. मराठी समजायची, पण एव्हाना उत्तर अर्धंअधिक इंग्रजीत, सगळ्या इथल्या मुलांसारखं.

"केलंस," मी म्हटलं.

"माझा व्हॉइस बॅड आहे का?"

"मोठा आहे. या लोकांच्या हॉलमध्ये मावत नाही."

त्यानंतर ती गाऊ लागली. घरात वृंदाचं डोकं दुखायचं, म्हणून माझ्या गाडीत. माझा नवरा सुधीर शहराबाहेर मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीत शिफ्टवर असायचा. त्याला आणायला मी निघाले की रेवा शेजारी येऊन बसायची. काचा बंद, एसी चालू, दोन्ही बाजूंना वाळू, आणि ही पोटातून आवाज काढतेय. सुरुवातीला बेसूर, मग कमी बेसूर, आणि एका हिवाळ्यात मी गाडी कडेला घेतली. डोळ्यांत पाणी आल्यावर हायवेवर गाडी चालवू नये. बुडाला किंचित लागलेल्या दुधाला जशी खरपूस चव येते, तसा तो आवाज झाला होता. शाळेच्या गाण्याच्या बाईंनी मात्र तिला समूहगानात मागच्या रांगेत उभं केलं आणि हळू म्हणायला सांगितलं. बाईंचं नाव लिहीत नाही. त्या अजून शिकवतात, हेच पुरे आहे.

बारावीनंतर ती पुण्याला गेली. इथल्या सगळ्या मुलांना एक दिवस जावंच लागतं. तिथे कॉलेजात नाटक, नाटकातून गाणं. तिला एक शिक्षिका भेटल्या, जुन्या संगीत नाटकांत गायलेल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आवाज बारीक करायचा नाही. कुणी सांगितलं तरी." असं सांगणारं माणूस भेटायला तिला अठरा वर्षं थांबावं लागलं. मग मुंबईत एका मालिकेत नायिकेच्या बहिणीचं काम मिळालं. थोडं शूटिंग झाल्यावर निर्मात्याचा माणूस म्हणाला, चेहरा मस्त आहे, आवाज मात्र डब करून घेऊ. रेवा म्हणाली, "मग चेहराही दुसरीचा घ्या," आणि संध्याकाळच्या बसनं पुण्याला परतली. तोवर भावोजी निवृत्त होऊन सगळे तिकडेच राहायला गेले होते. वृंदानं मला फोन करून सांगितलं, "पोरीनं नशिबाला लाथ मारली." मी म्हटलं, "बरोबर जागी बसली का?" तिनं फोन आपटला.

पुढे दुसऱ्या एका मालिकेत तिला भांडखोर जावेचं छोटं काम मिळालं, स्वतःच्या आवाजात. तेवढ्यावर आमच्या मंडळाला अचानक आठवलं की ही आपली मुलगी. 'कुवेतची लेक' असा फलक लावून तिला कार्यक्रमाला बोलावलं. सूत्रसंचालकानं आल्या आल्या सांगितलं, "रेवाताई, ते दुधाच्या जाहिरातीतलं वाक्य म्हणून दाखवा ना!" लोकांनी टाळ्या पिटल्या. रेवा माइकजवळ गेली. आता तिचं मराठी स्वच्छ झालं होतं.

"ते माझं नव्हतं," ती म्हणाली. "मला ते येत नाही. मला जे येतं ते म्हणते."

ती तासभर गायली. पुढच्या रांगेतल्या बायका साड्यांबद्दल बोलत होत्या. मुलं फुगे फोडत होती. अर्धं सभागृह गाण्याच्या मध्येच जेवणाच्या रांगेत जाऊन उभं राहिलं. गाण्यातलं ओ की ठो न कळणारा माझा नवरा मात्र खोकला दाबून शेवटपर्यंत बसला. नंतर एक मुलगी रेवाला शोधत आली. ती प्राची होती, आता डॉक्टरकी शिकणारी, सुट्टीवर आलेली. "तू त्या दिवशी मधेच बोलायला लागलीस ना," ती म्हणाली, "मला इतकं बरं वाटलं! मला कधीची शू लागली होती." दोघी एकमेकींना धरून हसत सुटल्या. त्या अख्ख्या समारंभात तेवढीच एक खरी गोष्ट झाली.

त्या मुक्कामात मी तिला विचारलं, आई येते का तुझ्या कार्यक्रमांना? "नाही," ती म्हणाली. "आई एकदाही आली नाही. बाबा म्हणतात, तिला कळतं त्यातलं." तिनं वडिलांची हुबेहूब नक्कल केली, पण मला हसू आलं नाही.

गेल्या महिन्यात मी पुण्याला जाऊन आले. सांत्वनाला म्हणून गेले असं लोक समजतात. मी वृंदाला चार शब्द सुनावायला गेले होते. विमानात ते घोकले होते. घरात मागच्या बाजूला एक लहान खोली, तिथे रेवा आठवड्यातून दोनदा मुलींना गाणं शिकवायची. जाडेभरडे, चिरके, कुठेही न घेतलेले आवाज ती मुद्दाम घ्यायची. खोलीत एक सतरंजी, एक तंबोरा, बस्. भावोजी पुढच्या खोलीत पेपर धरून बसले होते. मी बोलायला सुरुवात करणार तेवढ्यात बेल वाजली. दारात पाच-सहा मुली उभ्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. एकजण चाचरत म्हणाली, "काकू, आजचा वार आमचा असतो... आम्ही तिथे थोडा वेळ बसलो तर चालेल?"

वृंदा बाजूला झाली. मुली आत गेल्या. बऱ्याच वेळानं एकीनं सूर लावला, मग बाकीच्यांनी, पण अगदी दबक्या आवाजात, सुतकाच्या घरात गावं तसं. वृंदा स्वयंपाकघरात गेली. तिथे मागच्या खोलीच्या भिंतीला टेकून एक स्टूल होतं, त्यावर जाऊन बसली. मी मागोमाग जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि बोलायला तोंड उघडलं. वृंदानं हात वर करून मला थांबवलं. जरा वेळ ऐकलं. मग उठली, खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि मुलींवर खेकसली,

"मोठ्यानं म्हणा. इथं स्वयंपाकघरात ऐकू आलं पाहिजे. तिचं यायचं."

मुलींनी तोंडं उघडली. वृंदा परत येऊन स्टुलावर बसली आणि भिंतीला डोकं टेकलं. मी घोकून नेलेलं बोलले नाही. तिला माफ केलं असंही नाही... मी गॅस बंद केला, कारण आधणाचा आवाज मध्ये येत होता.