एका डोळ्याचे जोडफोटो

लेथवर उडालेल्या लोखंडी किसाने टर्नर दाजींचा डावा डोळा गेला. बरे होताच त्यांनी एकत्र पाहिले की वस्तू सपाट न दिसता उठून दिसते असे जोडफोटो काढायला घेतले. मोजपट्टीलगत कॅमेरा ठेवून एक फोटो काढायचा, मग कॅमेरा सहा सेंटिमीटर सरकवून दुसरा.

मेहुणा हसला. "दाजी, ते बघायला दोन डोळे लागतात. तुमचं म्हणजे आंधळ्याच्या हाती आरसा!"

"बघायला तू आहेस की. काढायला माझे हात शाबूत आहेत."

फुलंबिलं सोडून दाजींनी हट्टाने तोच कीस निवडला, निळसर आणि धारदार वेटोळ्यांचा. शेजारी ठेवलेले दोन्ही फोटो दोन भिंगांतून पाहताच कीस डोळ्यावरच आल्यासारखा वाटून मेहुण्याने दचकून मान मागे घेतली.

"आता तुझी मिशी," दाजी म्हणाले. "दोन्ही फोटो होईपर्यंत हलायचं नाही."