मेहकरहून गावाकडे जाणारा डबा

बोलता बोलता ती समोरच्याच्या बाहीवरचं काहीतरी वेचून टाकायची. कधी धागा असायचा, कधी खडूचा कण, पुष्कळदा काहीच नसायचं. मैत्रिणी वैतागायच्या. "अवं, मी का कापूस हाये का?" असं कुणी म्हटलं की ती बोटं आवरायची, हसायची आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. वेचून आणलेल्या कापसातली पानं-काडी निवडत मोठी झालेली पोर होती. बोंडांच्या टोकांनी बोटांची पेरं कायम ओरखडलेली असायची. मी एकदा विचारलं, दुखत नाही का? "काई होत नाई सर," ती म्हणाली.

हे तिचं वाक्य. बस चुकली तरी काई होत नाई. चपलेचा अंगठा तुटला तरी काई होत नाई.

मी तेव्हा मेहकरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. ती जानेफळकडच्या एका खेड्यातून एसटीनं येऊन-जाऊन शिकायची. अशी मुलं तुम्हीही पाहिली असतील. शरीरानं वर्गात, कान स्टँडकडे. बीटी कापूस आमच्या भागात नवा होता. गावोगाव त्याचीच बोलणी. मी फळ्यावर आकृती काढून सांगत होतो की या झाडात असा गुण घातलाय, अळीनं बोंड खाल्लं की अळी मरते. मागच्या बाकावरून ती म्हणाली, "सर, आमच्या वावरातली अळी कॉलेजात आली नाई. तिले हे कोणी सांगतलंच नाई." वर्ग हसला. मीही हसलो. त्या वर्षी त्यांच्या घरी काय पिकलं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

शेवटच्या वर्षाला दुपारची प्रॅक्टिकल्स असायची, आणि तिच्या गावाकडे जाणारी शेवटची बस ती संपण्याआधीच निघायची. ती प्रयोग अर्धा टाकून पळायची. पहिल्याच महिन्यात मी तिला थांबवलं. म्हटलं, "हे असं जमायचं नाही. इथं रूम करून राहा. एका वर्षाचा प्रश्न आहे."

"बाबाले कोण पाहीन?"

"का? आजारी आहेत?"

"नाई." तिनं माझ्या बाहीवरचा खडू झटकला. "तसे धडधाकट हायेत."

मग तिनं सांगितलं. आई गेल्यापासून घरात दोघंच. बाप बोलायचा कमी झाला. पीक दोनदा हातचं गेलं, तेव्हा तर बोलणं जवळजवळ थांबलं. एके दिवशी दुपारी ती गोठ्यात गेली तर तो फवारणीच्या औषधाची कॅन मांडीवर घेऊन बसलेला. काय करून राह्यले, असं तिनं विचारलं. म्हणाला, वाचून राह्यलो, काय लिहेल हाये ते.

"बाबाले वाचता येत नाई, सर," ती म्हणाली.

ती वर्षंच तशी होती. या बाजूच्या गावांत घरोघरी बायापोरी आपल्या माणसांवर नजर ठेवून असायच्या. उघड कुणी बोलत नसे. माणूस वावराकडे निघाला की पोराला मागं पाठवायचं, "जाय बे, बाबासंगं जाय," एवढंच. तिच्या घरी पाठवायला दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "विचार कर."

आठवड्यानं ती हसतच आली. "सर, रूम केली. तोडगा काढला."

तोडगा असा होता. शहरात रूम करून राहणाऱ्या पोरांना घरून एसटीनं डबा येतो, हे तुम्हाला माहीत आहे. सकाळी फाट्यावर ड्रायव्हरच्या हाती डबा द्यायचा, पोरानं स्टँडवर जाऊन घ्यायचा, रिकामा परतीच्या गाडीनं. मी स्वतः बुलढाण्याला त्याच डब्यावर शिकलो. तिनं हीच रीत उलटी फिरवली. ती मेहकरच्या खोलीत पहाटे उठून स्वैपाक करणार आणि बापाचा डबा गावाकडे पाठवणार. बाप फाट्यावर येऊन घेणार.

कंडक्टरनं स्टँडभर ऐकू जाईल असं विचारलं, "काऊन वं बाई, जगाच्या पोरायले घरून डबे येते, तू घराले डबा पाठोतं? बाप शिकून राह्यला का तुहा?"

"हाव," ती म्हणाली, "मॅट्रिकले बसेल हाये."

तेव्हापासून तो कंडक्टर डबा हातात घेताना रोज विचारायचा, "पास होते का नाई मॅट्रिक?"

खोली बांगड्या विकणाऱ्या एका मुसलमान कुटुंबाच्या घरात होती. घरमालकिणीला ती चाची म्हणायची. चाची कपाळाला हात लावायची, "बेटी, तू पढने आई के टिफिन भेजने आई?" आणि स्टोव्हचं रॉकेल संपलं की आपल्या चुलीवर तिला भाकरी टाकू द्यायची.

बाप जेवतो की नाही एवढ्यापुरता हा डबा आहे, अशी माझी समजूत होती. खरं काय ते मला उशिरा कळलं. रिकामं भांडं परत करू नये, हा आपल्याकडचा रिवाज. तिचा बाप डबा धुऊन त्यात काहीतरी टाकून पाठवायचा. मूठभर बोरं, दोन हिरव्या मिरच्या, हरभऱ्याचे घाटे, एकदा नुसता आंब्याचा कोवळा पाला. संध्याकाळी ती स्टँडवर झाकण उघडून बघायची. मी एकदा तिथंच होतो. डब्यात एक वांगं होतं, किडकं. तिचा चेहरा असा उजळला की मी म्हटलं, "अगं, किडकं आहे ते."

"असू द्या न सर. वावरात गेल्ते म्हणजे. झाडाजवळ वाकले, तोडलं, आणलं." ती वांगं उलटंपालटं करत राहिली. "माणूस ठीक हाये."

त्या महिन्यांत तिचं एकही प्रॅक्टिकल चुकलं नाही. सूक्ष्मदर्शकाखालचा छेद इतका पातळ घ्यायची की मी पुढच्या बॅचला दाखवायला तो ठेवून द्यायचो. पुढं एम.एस्सी. करायचं, असं एकदा बोलून गेली आणि लगेच जीभ चावली.

थंडी सरत आली असताना एक दिवस दुपारीच डबा भरलेला परत आला. फाट्यावर कुणी घ्यायला आलंच नाही, असं कंडक्टर म्हणाला. तेव्हा आमच्याकडे मोबाईल पोचले नव्हते. ती भरला डबा हातात घेऊन त्याच गाडीत चढली.

घराला कुलूप. वावरात कुणी नाही. विहिरीत वाकून पाहिलं, गोठा पाहिला. शेजारीपाजारी धावले. कुणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळी गावातला एक ट्रॅक्टर परत आला तेव्हा कळलं की पहाटे अचानक ट्रॉलीत जागा मिळाली म्हणून बाप कापूस भरून मेहकरच्या खरेदी केंद्रावर गेला होता. ती विहिरीत डोकावत होती तेव्हा तो इकडे मेहकरात, तिच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर रांगेत उभा होता. तो परतल्यावर, खोलीवर का गेले नाहीत, असं तिनं विचारलं. म्हणाला, "तू अभ्यासात असशीन. काऊन तरास द्याचा?"

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. हे सांगताना हसत होती, मधेच थांबत होती. बोटं ओढणीवर चालूच होती. मग म्हणाली, "सर, तुमी सांगा. रूम सोडू का राहू? तुमी म्हणसान तसं."

आता जे लिहितोय ते मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मी बुलढाण्याला शिकत होतो तेव्हा माझा डबा दुसरबीडहून यायचा. तो गाडीवर द्यायचं काम माझ्या थोरल्या भावाचं. माझ्या शिक्षणासाठी त्यानं स्वतःचं सोडलेलं. एक दिवस डबा आला नाही. मी स्टँडवर थांबलो, पुढच्या गाडीचीही वाट पाहिली, मग भावाला मनातल्या मनात शिवी घातली आणि हॉटेलात जाऊन मिसळ खाल्ली. चांगली झणझणीत होती, दोनदा रस्सा मागून घेतला. तास करून खोलीवर आलो तर गावचा माणूस दारात बसलेला. भाऊ पहाटेच गेला होता. कसा गेला, ते इथल्या माणसाला विचारावं लागत नाही.

त्या मुलीनं मला विचारलं तेव्हा माझ्यासमोर ती नव्हतीच. मीच उभा होतो, बुलढाण्याच्या स्टँडवर. तिचा बाप जिवंत होता, कापूस विकून घरी आला होता, रात्री पोटभर जेवलाही होता. शिक्षकानं म्हणायला हवं होतं की बघ, काही झालं नाही, तुझी युक्ती चांगली आहे, वर्ष पुरं कर. शेजाऱ्याला सांगून ठेवता आलं असतं. मी स्वतः आठवड्यातून एकदा जाऊन येऊ शकलो असतो, मोटरसायकल होती माझ्याकडे. यातलं काहीही मला सुचलं नाही. मी म्हणालो, "सोड."

"सोडू?"

"सोड. घरी राहा."

तिनं लगेच मान हलवली. तिला दुसरं उत्तर ऐकायचं असावं, असं मला त्या क्षणीही वाटलं होतं. ती मात्र म्हणाली, "काई होत नाई सर. येऊन-जाऊन करीन."

काही दिवस केलं. मग वेचणीचे शेवटचे दिवस आले, मग बापाला ताप आला. प्रॅक्टिकलच्या हजेरीत ती कमी पडली आणि परीक्षेला बसली नाही. चाची मला बाजारात भेटली की विचारायची, "सरजी, अपनी टिफिनवाली कब आएगी?" मी म्हणायचो, येईल.

पुढं बरीच वर्षं गेली. मधे एकदा ती मेहकरच्या स्टँडवर दिसली, खताच्या दोन गोण्यांपाशी उभी. केस कानाजवळ पांढरे होऊ लागलेले. लग्न झालं नव्हतं. बापाला सोडून जायची नाही म्हणून स्थळं परत गेली आणि मग यायचीच थांबली. शेती तीच बघत होती. "बाबा कसे आहेत?" मी विचारलं. "मस्त हायेत. भजनात जाते आता. बोलते बी लय." मग जरा घुटमळून म्हणाली, "सर, आता बसता येईन का हो मले? राह्यलेल्या वर्षाले?"

"बघतो विचारून," मी म्हणालो. गाडी लागली. तिनं गोण्या चढवल्या. मी विचारलं नाही. विसरलो, असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे तिच्याशी पुन्हा तो विषय नको होता.

गेल्या पावसाळ्यात तिच्या गावचा एक विद्यार्थी बोलता बोलता म्हणाला की ती गेली. मी मोटरसायकल काढली. पहिल्यांदाच गेलो त्या घरी.

बाप ओट्यावर बसला होता. ताठ म्हातारा, आवाज खणखणीत. मला पाहून उठला, बाज झटकली. "तुमीच सर न? वळखलं मी. ती सांगे तुमचं."

काय झालं होतं, मी विचारलं.

"पोट दुखे तिचं," तो म्हणाला. "लय दुखे म्हणे. मले कधी बोल्ली नाई." तो अंगणाकडे बघत राहिला. आमच्या जिल्ह्यातल्या पेपरात 'पोटदुखीला कंटाळून' हे शब्द रोज कुठं ना कुठं असतात, बाईच्या नावाखाली. त्याचा अर्थ तुम्हीही जाणता. त्याला माहीत होतं. मला माहीत आहे हेही त्याला माहीत होतं. आम्ही दोघं पोटदुखीबद्दल बोलत राहिलो.

तिच्यावर नजर ठेवायची, हे आम्हा कुणाच्या मनात आलंच नव्हतं.

"एक सांगतो सर," तो म्हणाला. "तुमचे उपकार हायेत आमच्यावर. तवा तिनं रूम केली होती न मेहकरले, तिले गमतच नव्हतं तिथं. रोज जीव घाबरे म्हणे. मंग तुमीच सांगतलं, घरी राहाय म्हून. मले तिनं सांगतलं सगळं." त्यानं हात जोडले. "तुमच्यानं पोरगी इतके वर्स डोयासमोर राह्यली माह्या."

म्हणजे त्याला तिनं असं सांगितलं होतं. तो मांडीवर कॅन घेऊन का बसला होता ते तिनं ओळखलंय, पहारा त्याच्यावर होता, हे त्याला कळू दिलं नव्हतं. आता मी तोंड उघडलं असतं तर तेही त्याच्या वाट्याला आलं असतं. मी त्याचे हात खाली केले.

उठायला लागलो तर जाऊ देईना. जेवल्याशिवाय नाही म्हणाला. आत चुलीपाशी बसला, पीठ मळलं. मला वाटलं शेजारून कुणी येईल. कुणी आलं नाही. त्यानंच भाकर थापली, सराईत हातानं, काठ गोल, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं, उलटली आणि आरावर धरली. टम्म फुगली.

"तुम्हाला येतं हे सगळं?" मी विचारलं.

"का अवघड हाये त्याच्यात? ती गेल्यावर पंधरा दिसात शिकलो." तो दुसरा गोळा घेत होता. "आधी कधी हातच लावला नाई. ती करूच नाई दे न."

त्यानं भाकर माझ्या ताटात टाकली, वर तेल-तिखट. मी खाल्ली. दुसरी वाढली, तीही खाल्ली.

"चांगली झाली का, सर?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "हो."