वास्तूसाठी वाहतं पाणी

चित्र काढायला मला कोणी शिकवलं नाही. शाळेच्या ऑफिसातून सुटून लालबागच्या खोलीवर आले की खिडकीशी एखादं मडकं मांडायचं आणि दिसेल तसं रंगवायचं, एवढीच माझी पद्धत. मातीचं भांडं ओलं झालं की रंग बदलतं, सुकत आलं की पुन्हा बदलतं, हे मी बघून बघूनच शिकले. मडक्यामागे समुद्र असतो, तो आईच्या गावचा. काळा कातळ, शेवाळ, ओहोटीची करडी वाळू. आई कॉटवरून म्हणायची, "पाणी फार निळं केलंस गो." आणि तिचं बरोबर असायचं.

थोरला भाऊ या चित्रांना 'तुझा कुंभारवाडा' म्हणायचा. त्यावरून मी कधी डूख धरला नाही.

डूख धरला तो आई गेली त्या दिवशी. दादा बायको-मुलांना घेऊन गोव्याला गेला होता. काकांनी फोन स्पीकरवर लावला. "ऐन सीझनमध्ये तिकिटं कुठे मिळतात? थांबू नका, उरकून घ्या," तो म्हणाला. खोलीत जमलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. भोईवाड्याच्या स्मशानात पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती मीच फिरले. प्रत्येक फेरीला काकांनी मागून दगडाने मडक्याला भोक पाडलं. गार पाणी पाठीवरून वाहत होतं आणि मला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता.

वर्ष उलटलं. दादाने परळला टॉवरमध्ये फ्लॅट घेतला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे चित्र मागितलं.

"वास्तुवाला म्हणतो, उत्तरेच्या भिंतीवर वाहतं पाणी पाहिजे. तुझी मडकी, समुद्र, सगळं चालेल. पाणी तेवढं वाहतं दाखव. आणि मोठं कर हां."

"करते की," मी म्हटलं.

वस्तू समोर असल्याशिवाय मला रंगवता येत नाही. म्हणून नवं मडकं आणलं, पाण्याने भरलं आणि चाळीच्या गच्चीवर दगडाने भोकं पाडायला बसले. पहिलं फुटलंच. वाळवण काढायला आलेली शेजारीण ओरडली, "अगं, अवदसा आठवली का तुला? हे काय घरी करायचं काम आहे?" मी दुसरं आणलं. ते टिकलं. कातळावर टेकवलेलं मडकं, तीन भोकांतून तीन धारा, शेजारी तो दगड, मागे ओहोटी. इतकं मन लावून मी आयुष्यात काही रंगवलं नव्हतं. पाणीही फार निळं होऊ दिलं नाही.

दादा खूश झाला. "तीन धारा! एक नंबर," म्हणत त्याने चित्रावर खास दिवा बसवून घेतला. त्याला ओळखू कसं येणार? बाबांच्या वेळी लहान म्हणून त्याला घरी ठेवलं होतं, आणि पुढे प्रत्येक मयताला त्याला काही ना काही काम निघायचं.

वास्तुशांतीला काका आले. चपला काढून आत शिरले आणि चित्रासमोरच उभे राहिले. एकेक धार बोटाने मोजली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गो बाय, ह्यां तर वयनीचां मडक्यां."

त्यांची वयनी म्हणजे आमची आई. गुरुजींनी मान वर करून चित्राकडे पाहिलं आणि हातातली पळी खाली ठेवली.

"कसलं मडकं, काका?" दादा हसत होता. काकांनी सांगितलं. खांदा, फेऱ्या, दगड, सगळं. दादाच्या बायकोने मुलांना जवळ ओढलं. सोफ्यावरचे दोन पाहुणे घड्याळ बघत उठले.

दादाने मला बाल्कनीत नेलं. "का केलंस असं?"

"आईच्या वेळी तुझं बघायचं राहिलं होतं ना."

त्याला लाज वाटावी, इतकंच मला हवं होतं. एकदा तरी त्याने आईचं नाव काढावं. पण त्याने आत गुरुजींकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "यामुळे घराला काही होणार नाही ना गं?"

म्हणजे लाज नाही, भीती वाटली होती. मला तीही चालली.

"अरे, चित्रच आहे ते," एवढं म्हटलं असतं तरी तो सुटला असता. मी पाठ फिरवली. आत गेले, पान मांडून घेतलं आणि पोटभर जेवले.