एकोणिसावं प्रकरण

“तिला काय इचारताय आबा? इंग्लिश मीडियमची हाय ती. बापानं रानात काय फवारलं, तिला काय ठावं!”

हे माझे चुलते, तात्या, बोलले. मला नाही, शेजारच्या वस्तीवरच्या आबांना. पण मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. बारामतीतल्या एका खाजगी हॉस्पिटलचा दुसरा मजला, आयसीयूच्या बाहेरची स्टीलची बाकडी, एप्रिलमधली दुपार, दोन-सव्वादोनची वेळ. दाराच्या आत माझे पप्पा होते आणि त्यांना नक्की काय झालंय ते कुणालाच कळत नव्हतं.

मी तात्यांना काही बोलले नाही. एक तर ते खरं होतं. दुसरं म्हणजे, मी सहसा कुणालाच काही बोलत नाही.

या ग्रुपवरचे अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, लिहितेय मात्र पहिल्यांदा. चकवा, करणी, अंगात येणं यातलं मी काहीच मानत नव्हते. एम.एस्सी.ला स्टॅटिस्टिक्स आहे माझं, त्यामुळे कुणी ‘योगायोग असूच शकत नाही’ म्हटलं की मला मनातल्या मनात हसू यायचं. शिवाय माझ्या अनुभवात ना सावली आहे, ना पैंजणांचा आवाज. फक्त एका पुस्तकातलं एक प्रकरण आहे... ज्यांना भीतीदायक काही वाचायचं असेल त्यांची निराशा होईल.

आमचं घर इंदापूर तालुक्यात. वालचंदनगरकडे जाणाऱ्या रस्त्याने कॅनॉल ओलांडला की डाव्या हाताला आमचं वीस गुंठ्यांचं शेडनेट दिसतं — हिरव्या जाळीचं, त्यात ढोबळी मिरची. सगळं काम मम्मी-पप्पाच बघतात. मी बारामतीला हॉस्टेलवर असते, सुट्टीला घरी आले होते.

येताना एसटी स्टँडजवळच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून एक जाड इंग्रजी कादंबरी घेतली होती. कव्हर नाही, नावाचं पान नाही, पाठीला चिकटपट्टी. तीनशे वर्षांनंतरची गोष्ट. गुरूच्या एका चंद्रावर बर्फाखाली वसलेलं शहर, तिथे कॅनॉलच्या पाण्यासारखी हवा पाळीपाळीने सोडतात. माणसं आपल्या आठवणी एकमेकांना वापरायला देतात. आणि तिथली डिटेक्टिव्ह म्हणजे पन्नाशीची, गुडघे दुखणारी एक बाई. सगळी माहिती रोबोट तिला क्षणात आणून देतात, तरी ती कुरकुरत जाते, समोरच्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसते आणि त्याला बोलू देते. मला ती बाई इतकी आवडली की काय सांगू! मी दुकानदाराला सुटे मागायलाही लाजते, आणि ही बाई खुन्यालासुद्धा आधी ‘जेवलास का?’ विचारते. जेवताना मी ते पुस्तक ताटाला टेकवून वाचायचे. संध्याकाळी मिरची निवडताना दिवसभर वाचलेलं मम्मीला मराठीत सांगायचे.

“बर्फाखाली ऱ्हात्यात म्हंजी लाइट जात न्हाय का तितं?” मम्मी विचारायची.

“नाही गं, तीनशे वर्षांनंतरचं आहे ते.”

“तीनशे वर्सांनी तरी जायाची न्हाय व्हय!”

तो शनिवार होता. मम्मी बचत गटाच्या मीटिंगला गेली होती. दहाच्या सुमाराला पप्पा पाठीवर पंप घेऊन फवारायला शेडनेटमध्ये शिरले. मी बाहेर लिंबाखाली ओट्यावर वाचत बसले होते. सव्वाअकराच्या आसपास पाण्याची बाटली घेऊन मी आत गेले, तेव्हा पप्पा दोन सऱ्यांच्या मधे पालथे पडले होते. पंप पाठीवरच होता. तोंडातून लाळ गळत होती, शर्ट पिळून निघावा इतका ओला. हलवलं तर डोळे उघडले, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. मी ओरडले असणार, कारण आबा पळत आले. त्यांनी आणि तात्यांनी पप्पांना उचलून पिकअपमध्ये घातलं. मम्मीला वाटेत घेतलं. बारामती येईपर्यंत ती पप्पांचं डोकं मांडीवर धरून एकच बोलत होती — “डोळं मिटू नगा... आवं, मिटू नगा ना.”

डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, “काय फवारत होते? डबा आणलाय?”

तात्यांनी शेडनेटमधून उचललेला पुडा खिशातून काढून दिला. मॅडमनी तो उलटसुलट करून वाचला. “हे बुरशीनाशक आहे. याने इतकं होत नाही. त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, छाती भरून आलीय. हे दुसरंच काहीतरी आहे. मी उपचार थांबवलेले नाहीत, पण काय पोटात गेलंय, किती जहाल आहे, हे कळलं पाहिजे.” मग आवाज खाली आणून मम्मीला म्हणाल्या, “ताई, राग मानू नका. स्वतःहून काही...?”

मम्मी उभी राहिली. “माझ्या माणसानं आज सकाळी उद्याच्या तोड्याचं क्रेट धुऊन पालथं घातल्यात, मॅडम. जीव द्यायचाय तो क्रेट धुतो व्हय?”

तात्यांनी घरी फोन लावून शेड धुंडाळायला लावली. आमच्याकडे असलेल्या प्रत्येक औषधाचं नाव सांगितलं. एकही जुळेना. मग आबा माझ्याकडे बघून म्हणाले, “पोरगी तितंच हुती, तिला इचारा की...” त्यावरच तात्यांचं ते वाक्य.

तीन वाजता नर्स कागद घेऊन आली. श्वास कमी पडतोय, व्हेंटिलेटर लावावा लागेल, सही करा. मम्मीला पेन धरता येईना. मी सही केली. पप्पांच्या चपला कुणीतरी कॅरीबॅगमध्ये घालून मम्मीकडे दिल्या होत्या. ती पिशवी पोटाशी धरून ती खाली फरशीवर बसली. मी देवाचं नाव घेऊन पाहिलं, पण सवय नसल्यामुळे जमेना. डोक्यात एकच विचार — आता आतून कुणीतरी बाहेर येईल आणि मान हलवेल.

पुस्तक माझ्या सॅकमध्ये होतं. कधी टाकलं ते आठवत नाही. मी ते उघडलं नाही. पण त्या क्षणी मला त्यातलं एकोणिसावं प्रकरण आठवलं. आठवलं म्हणजे पान डोळ्यांसमोर दिसलं — डावीकडचं पान, वरचा भाग. काचेच्या घुमटातली भाजीबाग. रोपांमध्ये पालथा पडलेला माळी. त्याच्या हातातली बाटली निर्धोक. रोबोटांनी त्याच्या सगळ्या वस्तू तपासल्या, कशातच काही नाही. मग ती डिटेक्टिव्ह गुडघा चोळत बाहेर येते, वाट बघत बसलेल्या माणसांमध्ये बसते आणि विचारते, “त्याचं जे जे होतं ते बघून झालं. आज त्याच्याकडे दुसऱ्याचं काय होतं?”

मी वळून पाहिलं. आबा बाकड्याच्या टोकाला बसले होते. सकाळपासून आमच्याबरोबर होते, चहासुद्धा घेतला नव्हता. लहानपणापासून ओळखते त्यांना, पण मी आपणहून त्यांच्याशी एक शब्द कधी बोलले नव्हते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

“आबा, पप्पांच्या पाठीवरचा पंप कुणाचा होता?”

“आगं, आता पंपाचं काय घिऊन बसलीस...” तात्या मधेच म्हणाले.

“माजा की,” आबा म्हणाले. “त्याच्या पंपाचा वायसर गेलाय. सकाळी माज्याकडनं न्हेला.”

“त्यात आधी काय होतं?”

आबांनी टोपी काढली. “परवा उसाला मारलं हुतं... खोडकिडीचं. जुन्या डब्यातलं.”

“पंप धुतला होता?”

“तळाला उरलं हुतं गं बाय थोडं.”

“थोडं म्हणजे किती?”

“...निम्मा पंप.”

आमच्या भागात उरलेलं औषध कुणी ओतून देत नाही. झाकण लावून पंप सावलीत ठेवतात, दुसऱ्या दिवशी त्यात भर घालतात. नेणाऱ्याला वाटतं आत विसळायचं पाणी आहे, देणाऱ्याला वाटतं नेणारा ओतून घेईल. आणि दुसऱ्याचा पंप नेताना ‘धुतलाय का?’ असं विचारत नाहीत. वाढलेलं ताट पुसून घेतल्यासारखं वाटतं ते. पप्पांनी त्यावरच आपलं औषध ओतलं आणि बंदिस्त जाळीत तासभर फवारलं. पंपाचं झाकण गळत होतं. त्यांची पाठ भिजली होती ती घामाने नव्हे, त्या औषधाने.

आबांच्या सुनेने डब्याचा फोटो पाठवला. मी फोन घेऊन आयसीयूचं दार ढकललं, आत जायला बंदी असताना. मॅडमनी नाव वाचलं, फोटो मोठा करून पुन्हा वाचलं आणि “यांची पाठ, केस, सगळं परत धुवा!” असं ओरडत आत गेल्या. आबा भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडत होते. “माज्या ध्यानातच आलं न्हाय. दिसभर हितंच बसलोय की मी...”

पुढचे चार दिवस आशा लावायची की नाही तेच कळत नव्हतं. सकाळी ‘बरं आहे’, दुपारी ‘सांगता येत नाही’. पाचव्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला.

आता जे सांगायला बसले ते सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच बाकड्यावर, मी ते प्रकरण पुन्हा वाचायला पुस्तक उघडलं. त्या बाईचे आभार मानायचे होते म्हणा हवं तर. त्या पुस्तकात अठराच प्रकरणं आहेत.

पान गळालेलं नाही. पानांचे आकडे सलग आहेत, अठरावं प्रकरण संपतं तिथे गोष्टही संपते. मग वाटलं, दुसऱ्या कुठल्या प्रकरणात असेल. पहिल्यापासून वाचलं. माळी नाही, काचेचा घुमट नाही. त्या शहरात भाजी पिकतच नाही, माणसं शेवाळाच्या वड्या खातात. एकूण तीनदा वाचलं. ते वाक्य कुठेच नाही.

ठीक आहे, घाबरलेल्या डोक्याने रचलं असेल. पप्पांच्या पाठीवर आमच्या निळ्याऐवजी आबांचा पिवळा पंप डोळ्यांनी टिपला असेल आणि मेंदूने त्या बाईच्या तोंडून मला सांगितलं असेल. हे मी स्वतःला पटवलंही होतं. पण मम्मीला विचारलं तर ती म्हणाली, “त्यो काचंच्या घरातला माळी? बेस्तरवारी मिरची निवडताना सांगितलीस की! मी म्हनले बी, दुसऱ्याची वस्तू धुतल्याबिगर वापरू न्हाय मानसानं.”

गुरुवार. म्हणजे पप्पा पडायच्या दोन दिवस आधी.

एकाची आठवण चुकते हे मान्य. दोघींची, तीही त्याच जागी? मी याचं गणित मांडून पाहिलं, मांडता आलं नाही. कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा.

नवव्या दिवशी पप्पांना जनरल वॉर्डात आणलं. नळीमुळे घसा बसलेला, आवाज घोगरा. मम्मी मोसंबी सोलत होती. तात्या आल्यागेल्याला माझं कौतुक सांगत होते — “पोरीनं इचारलं म्हनून! न्हायतर आमी बसलो हुतो पुडा घिऊन.” पप्पा छताकडे बघत पडले होते. मधेच म्हणाले, “मला एक सांगा... पडायच्या आधी मी हाक मारली हुती का? का मला नुसतं तसं वाटतंय?”

“कुठली हाक!” तात्या हसले. “भास झाला असंल तुला.”

“ऐकली असती तर पोरगी पळत आली नसती व्हय?” मम्मी म्हणाली आणि मोसंबीची फोड त्यांच्या तोंडाशी नेली.

पप्पांनी मान फिरवून माझ्याकडे पाहिलं. हे मी तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं, आणि वरही लिहिलेलं नाही. त्या शनिवारी, साडेदहा वाजून गेले होते तेव्हा, पुस्तकाची शेवटची तीस-एक पानं राहिली होती. खुनी कोण ते नुकतंच कळायला लागलं होतं. पप्पांनी आता फोडीसाठी तोंड उघडलं होतं, मम्मी पुन्हा आपल्या कामाला लागली होती. कुणी काही विचारत नव्हतं. मी गप्प राहिले असते तर ते तिथेच मिटलं असतं.

“मारली होती पप्पा,” मी म्हणाले. “दोनदा. दोन्ही वेळा मला ऐकू आली होती.”