कविता चालू असताना बर्फ फोडायचा नाही

बहारीनला असताना मी दर मंगळवारी संध्याकाळी हूरा नावाच्या वस्तीतल्या एका हॉटेलच्या पबमध्ये आयरिश लोकांच्या कविता ऐकायला जायचे. एवढं सांगितलं की माणसं माझ्याकडे आदराने बघतात, म्हणून पुढचंही सांगून टाकते. मी तिथे झोपायला जायचे.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी हॉस्पिटलात नर्स आणि नवरा त्या पबमध्ये बारमन. दोघेही वसईचे, पण दोघांची कॉन्ट्रॅक्टं एकट्या माणसाची. त्यामुळे मी नर्सेसच्या हॉस्टेलात तिघींच्या खोलीत, आणि तो हॉटेलच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये सहा जणांबरोबर. एवढंसं बेट, तरी लग्नाची नवराबायको दोन टोकांना. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुटीच्या दिवशी, मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात भेट व्हायची, पण तिथे अर्धी वसई कान टवकारून उभी असे. राहता राहिला मंगळवार. चारला माझी ड्यूटी सुटायची, मी आंघोळ करून टॅक्सीने पबला जायचे आणि काउंटरच्या कडेच्या टेबलाशी लिंबू-सोडा घेऊन बसायचे. साडेआठला त्याला अर्धा तास सुटी मिळे. त्या अर्ध्या तासासाठी एवढा सगळा उपद्व्याप.

कवितांचा खटाटोप एका आयरिश मास्तरांचा होता. ते तिथल्या इंग्रजी शाळेत शिकवायचे. दाराशी एक पाटी लावलेली असे. ज्याला माइकवर येऊन काही म्हणायचं असेल त्याने त्या पाटीवर नाव लिहायचं. इंजिनियर, नर्सेस, बँकेतले लोक, कोणीही उठून कविता म्हणायचे. अधूनमधून खराखुरा कवीही यायचा. आयर्लंडहून ऑस्ट्रेलियाला वगैरे निघालेले कवी विमान बदलायला बहारीनला उतरत, आणि मास्तर त्यांना एक-दोन दिवस ठेवून घेत. मास्तरांचा नियम एकच, पण कडक. कविता चालू असताना बर्फ फोडायचा नाही, ग्लास धुवायचे नाहीत, गल्ल्याचा खण उघडायचा नाही. बारमनने हात काउंटरवर ठेवून गप्प उभं राहायचं. माझा नवरा म्हणायचा, मिस्सेत सुद्धा मी एवढा गप्प उभा राहत नाय.

आणि मी झोपायचे. सकाळी सहापासून उभी असलेली बाई, थंडगार हवा, मंद दिवे आणि समोर कोणीतरी एका सुरात न कळणारं काही म्हणतंय. देव जरी आला असता तरी माझा डोळा लागलाच असता. मी ताठ बसून झोपायचे, ही नाईट ड्यूटीची देणगी. टाळ्या पडल्या की जागी होऊन मीही टाळ्या वाजवायचे. मास्तरांना वाटलं, ही बाई डोळे मिटून ऐकते. ते नव्या पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून तसं सांगायलाही लागले. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. तो काउंटरमागे ओठ चावून हसू दाबायचा, आणि मला त्याचा मनस्वी राग यायचा.

रागाचं कारण खरं तर दुसरंच होतं. आमचा मुलगा चौदा महिन्यांचा असताना आम्ही त्याला माझ्या सासूबाईंकडे ठेवून आलो होतो. आता तो पाच वर्षांचा होता. वसईला घराचा वरचा मजला झाला की परत जायचं, असं ठरलं होतं. मजला काही होत नव्हता. त्या हिवाळ्यात मी एकटी सुटीवर जाऊन आले, कारण नवऱ्याला लीव्ह मिळाली नाही, आणि आल्यापासून परत जाऊ या म्हणून त्याच्या मागे लागले होते. त्यानंतरच्या एका शनिवारी त्याला पुढच्या दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर सही करायची होती. चर्चच्या अंगणात विषय काढला की तो "बघू गो, इंशाल्ला" म्हणायचा. मंगळवारच्या सुटीत काढला की मजल्याच्या खिडक्यांचं सांगायचा. भांडला असता तर बरं झालं असतं. पण तो वेळ मारून न्यायचा, आणि मी इतकी दमलेली असायचे की त्याला वेळ मारून नेऊ द्यायचे. सुटीवर घरी काय झालं ते मी त्याला सांगितलंच नव्हतं.

त्या शनिवारच्या आधीच्या मंगळवारी एक म्हातारा कवी आला होता. पांढऱ्या भुवया, हातात काठी. त्याचं वाचन झालं, मी जागी झाले, टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि म्हातारा मला म्हणाला, "सिस्टर, एवढं ऐकता, आज तुम्ही काहीतरी म्हणा. तुमच्या भाषेत." मी नको नको म्हणते तोवर मास्तरांनी पाटीवर 'सिस्टर' लिहूनही टाकलं.

मला एकही कविता येत नव्हती. शाळेतल्या कधीच विसरले होते. खरं सांगून बसून घ्यावं, असं मनात होतं. माइकपाशी गेले, आणि पब एकदम गप्प झाला. मी काउंटरकडे बघितलं. नवऱ्याने हातातला बर्फाचा चिमटा खाली ठेवला आणि नियमाप्रमाणे दोन्ही हात काउंटरवर ठेवून तो उभा राहिला. नऊ वर्षांच्या संसारात तो माझ्यासमोर असा कधी उभा राहिला नव्हता.

मी आमच्या घरच्या बोलीत म्हटलं, "ऐक. आता तुला बर्फ फोडता यायचा नाय, म्हणून इथून सांगते. मना घरी जायचं हाय. पोरगा मना मावशी म्हणाला. चॉकलेट दिलं तर आजीला विचारून घेतलं. थँक यू मावशी म्हणाला. पंचवीस दिवस माझ्याजवळ निजला नाय. सव्विसाव्या दिवशी निजला, आणि सत्ताविसाव्या दिवशी माझं विमान. वरचा मजला बांधून त्यात ठेवायचं कोणाला? सही करू नको." पुढे काय बोलावं ते सुचेना. मी परत म्हटलं, "सही करू नको." आणि आणखी एकदा.

लोकांना ते ध्रुवपद वाटलं असणार. टाळ्या थांबेनात. म्हातारा कवी माझे हात धरून म्हणाला की भाषा कळली नाही तरी सगळं कळलं. कवी लोक असं बोलतातच. त्याला काहीही कळलेलं नव्हतं. मग मास्तरांनी काउंटरकडे वळून नवऱ्याला अर्थ विचारला.

तो इंग्रजीत म्हणाला, "घराबद्दल आहे, सर. आणि एका लहान मुलाबद्दल."

"आणि?"

"आणि खलास, सर." मग त्याने वळून कोणालातरी ग्लास भरून दिला. तो माणूस म्हणाला, हे मी मागितलं नव्हतं.

साडेआठला आम्ही बाहेर पडलो. टॅक्सीच्या नाक्यापर्यंत तो माझ्या दोन पावलं पुढे चालला. मला वाटलं, चारचौघांत लाज काढली म्हणून आता बोलणी खावी लागणार. मी मनात उत्तरंही जुळवून ठेवली होती. टॅक्सी थांबली, त्याने दार उघडून धरलं आणि आत बसू देईना.

"आणि मना?" त्याने विचारलं. "मना काय म्हणाला?"

मला खोटं बोलता आलं असतं. नर्सला त्याची सवयच असते, रोज कोणाला ना कोणाला बरं वाटेल असं सांगायचं. पण त्या संध्याकाळी माझ्यात तेवढंही बळ नव्हतं.

"आजीने भिंतीवरच्या तुझ्या फोटोला बोट लावून विचारलं, हा कोण? तर म्हणाला, बहारीन."

ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" म्हणून घाई करत होता. नवऱ्याने दार सोडलं, मी बसले, आणि तो उलटा फिरून हॉटेलकडे चालायला लागला. सुटी संपायला अजून वीस मिनिटं होती.

शनिवारी त्याने सही केली नाही. मी नोटीस दिली आणि उन्हाळ्याआधी आम्ही दोघे वसईला आलो. वरचा मजला आजतागायत झालेला नाही. मला आई म्हणायला पोराने आठ महिने लावले. बापाला पप्पा म्हणायला त्याला दोन वर्षं लागली, म्हणजे तिथल्या एका कॉन्ट्रॅक्टएवढी, आणि ती दोन्ही वर्षं माझा नवरा त्याच्यासमोर कविता चालू असल्यासारखा गप्प उभा राहिला.