विजेचा सूर उतरला

"सायेब, ही तक्रार वाचा की," म्हणत मल्लप्पाने रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवलं. "लाइटीचा सूर उतरलाय म्हनं. आता काय पेटी घिऊन खांबावर चढू व्हय?"

मल्लप्पा आमच्या सोलापूर ऑफिसातला सर्वांत जुना लाइनमन. मी वीज खात्यात ज्युनिअर इंजिनिअर, नोकरीचं तिसरं वर्ष. रजिस्टरात खरंच तसं लिहिलं होतं. 'विजेचा सूर उतरला आहे. सात वाजता कार्यक्रम आहे. त्वरित दुरुस्त करावा.' खाली एका कॉलेजच्या गॅदरिंग सेक्रेटरीची सही. ती मुलगी समोरच उभी होती.

"सर, हसू नका," ती म्हणाली. "मुंबईचा रॉक बँड बोलावलाय. पंधरा वर्षं वाजवतायत ते. दुपारी सगळं सुरात होतं. पाच वाजता पंखे मंदावले आणि तेव्हापासून ऑर्गन गिटारला मिळतच नाही."

ऑफिस हसलं. मी हसलो नाही, त्याला कारण आहे. माझे वडील मिलमध्ये जॉबर होते, चौथी शिकलेले. जॉबर म्हणजे माग चालू ठेवणारा माणूस. मागांच्या खात्यात पाऊल टाकताच नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, "आज मोटरी जड फिरत्यात." घरातला पहिला पदवीधर मी. हे सांगताना मला अजून बरं वाटतं. पण कान वडिलांचे तयार होते, हेही खरं.

आमचे डेप्युटी इंजिनिअर शिरगुरकर साहेब घरी निघाले होते. जाताजाता म्हणाले, "व्होल्टेज बघ, स्टॅबिलायझर लावा म्हणावं आणि मोकळा हो. लेखी काही देऊ नकोस."

"आणि व्होल्टेज बरोबर निघालं तर?"

"मग तर फारच उत्तम."

मी रजिस्टर काखेत मारलं, टेस्टिंग रूममधून दोन मीटर उचलले आणि मल्लप्पाला स्कूटरवर मागे बसवलं. कॉलेजच्या मैदानावर मंडप होता. स्टेजवर कपाटाएवढा, विजेवर चालणारा लाकडी ऑर्गन होता, आणि त्याच्यापुढे ऑस्टिन अंकल. बँडमधले सगळे त्यांना अंकलच म्हणत. पन्नाशीचा, पांढऱ्या कल्ल्यांचा माणूस. गिटारवाला रॉनी बँडचा पुढारी. तो कानाशी चिमट्यासारखा ट्यूनिंग फोर्क धरून तारा तपासत होता. हा फोर्क ठोकला की नेहमी एकच सूर देतो.

"माझी गिटार बरोबर आहे," रॉनी म्हणाला. "अंकल, तुम्हाला ऐकू तरी येतंय का? पुण्यात हेच. त्याच्या आधी मुंबईत हेच. मी बोललोय ना, हा तुमचा लास्ट प्रोग्राम. परत गेल्यावर नवीन पोरगा येतोय."

मी प्लगजवळ मीटर लावला. दोनशे पंचवीस व्होल्ट. चांगलं व्होल्टेज. मल्लप्पा म्हणाला, "झालं की सायेब. चला."

अंकल माझ्याकडे वाकले. "इंजिनिअर, तुमचा दोष नाय. माझा कान गेला. दुपारला बराबर असतो, संध्याकाळला जातो. वय झाला."

कान जातो तो जातो. दुपारी परत येत नाही. त्यांचं म्हणणं मला पटेना.

"हे चालू कसं करता?" मी विचारलं.

त्यांनी दोन बटणं दाखवली. "पहिला दाबून धरायचा. आतला मोटर स्पीड घेतो. मग दुसरा. आत चाकं हायत. एकेका सुराचा एकेक चाक."

मोटर म्हटल्यावर मी खाली बसलोच. विजेच्या मोटरींमध्ये एक जात असते, सिंक्रोनस. व्होल्टेज थोडं इकडेतिकडे झालं तरी तिचा वेग बदलत नाही. ती चालते फ्रिक्वेन्सीवर; फ्रिक्वेन्सी उतरली की ती मंदावते, आणि तिच्यावरची चाकं मंदावली की सूर उतरणारच. आपल्या तारांतली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे होते, ती फ्रिक्वेन्सी. तेव्हा राज्यात विजेचा तुटवडा होता. संध्याकाळी दिवे लागले की सगळ्या जनित्रांवर ओझं यायचं, ती मंद फिरायची, आणि पन्नासचे अठ्ठेचाळीस व्हायचे. आमच्या ऑफिसातलं विजेचं घड्याळ रोज संध्याकाळी सात-आठ मिनिटं मागे पडायचं. शिपाई सकाळी काटा पुढे ढकलायचा. त्याचं कुणाला काही वाटत नसे.

आता दुसरा मीटर काढला. त्याला काचेआड बारीक पोलादी पट्ट्या असतात, ओळीने. जेवढी फ्रिक्वेन्सी असेल तेवढ्या आकड्याची पट्टी थरथरते, बाकीच्या स्वस्थ.

अंकलनी चष्मा लावला. "हे तर रीड आहेत! हार्मोनियमसारखे."

"तसेच. पन्नासची थरथरायला हवी. कुठली थरथरतेय?"

"अठ्ठेचाळीस."

"तुमचा ऑर्गन सुरातच आहे, अंकल. आमची वीज उतरलीय. दुपारी ती जवळजवळ पन्नास असते, म्हणून दुपारी तुमचे कान चांगले."

ते बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिले. मग चष्मा काढून शर्टाने पुसला. तो पुसण्यासारखा झाला नव्हता.

रॉनीने विचारलं, "मग ते पन्नास करा ना."

"ते सोलापुरातून होत नाही. सगळ्या राज्याची जनित्रं एका दांड्याला जुंपल्यासारखी असतात. तुम्हीच तारा सैल करा."

"अंकलसाठी मी खाली येऊ?"

"ऑर्गनला खुंट्या नाहीत. तुमच्या गिटारला आहेत."

मागून मल्लप्पा म्हणाला, "भजनात पेटी खाली असली तर आमी खालीच म्हनतो की. त्यात काय लाज हाय?"

रॉनीने फोर्क खिशात टाकला. "अंकल, सूर द्या," म्हणाला. बऱ्याच महिन्यांनी म्हणाला असावा, कारण ड्रमवाल्याने मान वर करून बघितलं. अंकलनी ऑर्गनची एक पट्टी दाबून धरली. रॉनीची आणि त्याच्या जोडीदाराची, दोन्ही गिटार हळूहळू उतरत त्या सुराला येऊन टेकल्या.

कार्यक्रम सातला सुरू झाला. मी तोवर रॉक म्हणून काही ऐकलं नव्हतं. पहिल्याच ठोक्याला मल्लप्पा म्हणाला, "ट्रान्सफॉर्मर उडाला काय ओ?" पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. पण मला मोकळेपणी बघता येईना. फ्रिक्वेन्सी मध्येच हलली तर? म्हणून मी स्टेजच्या पायरीवर मीटर मांडीवर घेऊन बसलो.

आणि ती हललीच. आठच्या सुमाराला कुठल्या तरी जिल्ह्याची वीज बंद केली असणार. ओझं कमी झालं आणि एकोणपन्नासची पट्टी थरथरू लागली. मी रॉनीला बोट वर करून दाखवलं. गाणं संपताच त्याने तारा आवळल्या आणि माईकवर म्हणाला, "आज सूर देतायत, इंजिनिअर साहेब!" त्या टाळ्या मी अजून विसरलेलो नाही.

मग अंकल एकटेच वाजवू लागले. बाकीचे हात बांधून उभे. डोळे मिटून, दोन्ही हात वेगवेगळे चालवत, पायाने खालच्या लाकडी पट्ट्या दाबत ते वाजवत होते. मला संगीतातलं काही कळत नाही. पण चुकत नाही याची खात्री पटलेला माणूस कसा वाजवतो, ते त्या दिवशी बघितलं. वाजवून झाल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी मीटरकडे बघून मान हलवली.

निघताना मी रजिस्टरात शेरा लिहिला: 'तक्रार खरी. दोष वाद्यात नाही, वादकात नाही. फ्रिक्वेन्सी कमी.' त्याची एक प्रत सही करून अंकलना दिली.

दुसऱ्या दिवशी शिरगुरकर साहेबांनी बोलावलं. "'तक्रार खरी' असं लिहितात का रजिस्टरात?"

"खोटं काय आहे साहेब त्यात?"

"खरं-खोटं विचारलं का मी?"

मला मेमो मिळाला. तो मी उत्तरासह फाइल केला.

चार-पाच महिन्यांनी मुंबईहून पोस्टकार्ड आलं. बँडने फ्रिक्वेन्सीवर न चालणारा नवा, हलका ऑर्गन घेतला होता. वाजवायला अंकलच होते. नवीन पोरगा आलाच नाही. शेरा त्यांनी फ्रेम करून लावला होता, आणि खाली विचारलं होतं, 'तुमचा वीज बरा आहे काय?'

पुढे तीस वर्षं नोकरी केली. माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या इंजिनिअरला मी एकच गोष्ट सांगितली. माणूस म्हातारा झाला असं ठरवण्याआधी सप्लाय तपासा. आणि दोन्ही मीटर घेऊन जा.