टोळीमागं गेलेलं पत्र

काळदरीच्या डाकघरात शिवकन्या डाकसेवक म्हणून लागली तेव्हा तिच्या वाट्याला चार गावं आणि एक तांडा आला. सकाळी औंढ्याहून थैली यायची. ती फोडून टपाल लावायचं आणि स्कूटीवर निघायचं. गावांतलं वाटप सोपं होतं. माणूस घरी नसला तर शेतात असायचा, शेतात नसला तर जवळा बाजारला गेलेला असायचा. तांड्याचं तसं नव्हतं. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या, त्या पाडव्याच्या सुमाराला परतायच्या. मधले महिने निम्म्याहून जास्त घरांना कुलपं.

या दिवसांत तांड्यावरचं रजिस्टर पत्र आलं तर ते सात दिवस ठेवायचं आणि मग शेरा मारून पाठवणाऱ्याकडं परत लावायचं, असा नियम. पाठवणाऱ्याचाही पत्ता नसला तर ते परत पत्रांच्या कार्यालयात जातं. तिथं नेमलेला माणूस पाकीट फोडून आत काही ठावठिकाणा सापडतो का बघतो. बाकी कुणाला पाकीट उघडता येत नाही. पहिल्या दोन वर्षांत शिवकन्येनं असे कितीतरी शेरे मारले. ‘दार बंद.’ ‘पत्ता न ठेवता गेले.’ एकदा शेरा मारला की ते पत्र तिच्या डोक्यातून जायचं.

तिसऱ्या वर्षी पाडव्यानंतर तांड्यावरची रुख्मिणीबाई डाकघरात आली. कडेवर सहा वर्षांची पुजा. पुजाचं डावं पाऊल जन्मापासून आत वळलेलं होतं. लांबच्या एका धर्मादाय दवाखान्यात तिचं नाव लावलं होतं आणि ऑपरेशनची तारीख पत्रानं कळवू, असं त्यांनी सांगितलं होतं. रुख्मिणीबाईनं दवाखान्याला दिलेला फोन नंबर मधेच बंद पडला होता. तेव्हा आशा होती ती पत्राचीच.

शिवकन्येला ते पाकीट आठवलं. जानेवारीत आलं होतं, कोपऱ्यात दवाखान्याचा शिक्का होता. ती खोटं बोलू शकली असती.

“आलं होतं, वैनी,” ती म्हणाली. “मीच परत लावलं.”

रुख्मिणीबाई भांडली नाही. तिनं पुजाला कडेवरून उतरवून बाकावर बसवलं आणि आता काय करायचं, एवढंच विचारलं. शिवकन्येनं तिथूनच दवाखान्यात फोन लावला. तारीख हुकली होती. पुढचा नंबर आता पुढच्या हिवाळ्यात, आणि तारीख पुन्हा पत्रानंच कळणार होती. ते पत्र दाखवल्याशिवाय दाखल करून घेत नव्हते.

“पुढच्या साली बी आमी हितं नसू, ताई.”

“नसा ना. पत्र तुमच्यामागं येईल.”

बोलून तर गेली, पण कसं, ते तिला माहीत नव्हतं. पोस्टमास्तर देविदासरावांनी सांगितलं, की ज्याचं पत्र त्यानं लेखी दिलं तर ते दुसऱ्या पत्त्यावर पाठवता येतं. मात्र टोळी एका जागी राहत नाही, आज या शिवारात तर पंधरा दिवसांनी त्या. कुणाकुणाच्या मागं फिरशील, असंही ते म्हणाले. शिवकन्येनं शंभर पानी वही आणली.

दसऱ्याच्या आधी ती ओळीनं पाच दिवस वाटप संपवून तांड्यावर गेली. घरागणिक नावं, मुकादमाचं नाव, कारखाना, टोळी उतरायची जागा, दोन-दोन फोन नंबर. मग पत्र पुढं पाठवायच्या अर्जावर सही नाहीतर अंगठा. लोक बिचकले. रुख्मिणीबाईचा नवरा वसरामच आधी मागं सरकला. मुकादमानं अंगठा घेतला, बँकेनं घेतला, आता पोस्टाला काहून पाहिजे, असं त्यानं विचारलं. शिवकन्येनं अर्ज त्याला दोनदा वाचून दाखवला आणि तिसऱ्यांदा त्याच्या पुतण्याकडून वाचून घेतला. मग त्यानं अंगठा दिला. त्याचं बघून बाकीच्यांनी दिला.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पाकीट आलं. रुख्मिणीबाईचंच नाव. शिवकन्येनं जुना पत्ता खोडला, वहीतला लिहिला, त्याच दिवशी थैलीत टाकलं आणि पाकिटावरचा नंबर टिपून ठेवला. रोज सकाळी ती मोबाईलवर तो नंबर बघायची. पाचव्या दिवशी पत्र तिकडच्या डाकघरात पोचलं. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर त्या नंबरापुढं लिहून आलं, पत्ता सोडून गेले.

टोळी हलली होती. वसरामचा फोन लागेना, मुकादम गोपीचंदचाही नाही. शिवकन्या वाटपाच्या वाटेवर थांबून थांबून नंबर फिरवत राहिली. असे दिवस गेले आणि सातवा उजाडला. तिनं सरळ तिकडच्या पोस्टमास्तरांना फोन केला. माणूस सभ्य होता. पत्र त्यांच्या समोरच होतं, पण आज ते परत लावावं लागणार होतं. तीनला थैली बंद.

“मास्तर, तीनच्या आत बाई येईल. तवर थैलीत टाकू नका.”

“बाई कुठाय?” त्यांनी विचारलं.

“ते बघते मी.”

साडेअकराला गोपीचंदचा फोन लागला. टोळी आधीच्या जागेपासून वीस किलोमीटरवर होती. ट्रॅक्टर भरायला उभा आहे, एक माणूस काढला तर खोळंबा होईल, संध्याकाळी बघू, असं तो म्हणाला. शिवकन्येनं त्याला पूर्ण बोलू दिलं.

“गोपीचंदभाऊ, गेल्या साली हे पत्र मी परत लावलं. त्या लेकराचं एक वर्ष माझ्या हातानं गेलं. ह्या साली तुमी अडवलं, तर ते तुमच्या हातानं जाईल. मला संध्याकाळ नको. मला आत्ता पाहिजे.”

गोपीचंदनं डाकघर कुठल्या गावात आहे ते विचारलं. रुख्मिणीबाईला आणि पुजाला त्यानं स्वतःच्या मोटारसायकलवर बसवून नेलं.

अडीचच्या पुढं तिकडच्या मास्तरांचा फोन आला. आधार कार्ड बघितलं, सही घेतली, पत्र दिलं, बाईच्या सांगण्यावरून वाचूनही दाखवलं. ऑपरेशनची तारीख नऊ फेब्रुवारी. मग फोन रुख्मिणीबाईच्या हातात गेला.

“ताई, पुजा इचारून राहिली, कोणाचं पत्र हाय म्हणून.”

“तिला सांगा, तुझंच हाय.”

फोन ठेवून शिवकन्या थैल्यांच्या ढिगावर बसली. देविदासरावांनी पाण्याचा तांब्या तिच्या पुढं सरकवला.

ऑपरेशन झालं. तीन महिने प्लास्टर, मग विशेष बूट. पाऊल पूर्ण सरळ झालं नाही, पण ते आता जमिनीला सपाट टेकतं. जूनमध्ये पुजा तांड्यावरून काळदरीच्या शाळेत पायी आली. दोनदा वाटेत बसली, पण कुणाच्या कडेवर आली नाही.

पुढं तपासणीला आलेल्या साहेबांनी ती वही उलटसुलट करून बघितली आणि ही कार्यालयाची नोंद नाही, इथं ठेवू नका, असं बजावलं. शिवकन्येनं ती स्कूटीच्या डिकीत ठेवली. त्या हंगामात तांड्याची तेवीस पत्रं आली होती. एकोणीस माणसांपर्यंत पोचली, चार परत गेली. त्या चौघांची नावं तिनं लाल शाईनं लिहिली, आणि टोळ्या परतल्यावर चारही घरी जाऊन, पत्र कुठून आलं होतं आणि का पोचलं नाही, ते स्वतः सांगितलं.